परसातले तळे : कमी खर्चात पाणी निरोगी ठेवण्याविषयी

नाशिकला आमच्या घराच्या मागच्या अंगणात सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन फूट खोल असे एक तळे आहे. ते बांधून झाले त्या वर्षी, पाणी भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यात २० गोल्डफिश सोडले. पंधरा दिवस सारे ठीक चालले. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी पहाटे पाहिले, तर सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडत-मिटत होते. एक मासा ओल्या हातात घेऊन त्याच्या कल्ल्याचे झाकण हलकेच उचलले, तेव्हा आत ताजा लाल रंग असायला हवा, तिथे उकळलेल्या चहासारखा तपकिरी रंग दिसला. पाणी मात्र काचेसारखे नितळ होते. मासे ज्या दुकानातून आणले होते तिथे विचारल्यावर जंतुसंसर्गावरचे औषध मिळाले. ते घातल्यानंतर आणखी मासे गेले आणि अखेरीस पाच उरले. पुढे पाण्याची घडण समजून घेतल्यावर लक्षात आले, की माशांना कोणताही संसर्ग झालेला नव्हता. मासे सोडण्याआधी सहा आठवडे थांबलो असतो, तर ते सगळे जगले असते.

तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे, की घरगुती तळ्यावर होणारा बराचसा खर्च हा घाईचा खर्च असतो. जे काम पाणी, ऊन, वनस्पती आणि जिवाणू काही आठवड्यांत फुकट करून देतात, ते दोन दिवसांत उरकायचे म्हटले की बाटल्या, पुड्या आणि यंत्रे विकत घ्यावी लागतात, आणि तरीही काम पुरते होत नाही. कमी पैशांत तळे निरोगी ठेवायचे असेल, तर पाण्यात नेमके काय घडते हे एकदा नीट समजून घेणे, हीच सर्वांत मोठी बचत आहे.

पाण्यात काय घडते

मासा जे खातो त्यातील प्रथिनांचे पचन झाल्यावर उरणारा नत्र तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. याशिवाय न खाल्लेले खाद्य, विष्ठा आणि पाण्यात पडलेली पाने कुजूनही अमोनिया तयार होतो. नदीत किंवा मोठ्या तलावात तो पसरून जातो. आपल्या छोट्या तळ्यात मात्र तो साठत राहतो. त्याला रंग नसतो आणि कमी प्रमाणात असताना वासही येत नाही, म्हणून नितळ पाणी आणि निरोगी पाणी या दोन गोष्टी सर्वस्वी वेगळ्या आहेत, हे मनाशी पक्के धरावे लागते.

या अमोनियाचा निचरा दोन टप्प्यांत होतो. पहिल्या प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट बनवतात आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट बनवतात. नायट्राइटही विषारीच असते : ते कल्ल्यांवाटे रक्तात शिरते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेते. मला दिसलेले तपकिरी कल्ले याच विषबाधेचे चिन्ह होते. पाण्यात प्राणवायू असूनही मासे गुदमरत होते. नायट्रेट मात्र बरेच निरुपद्रवी असते आणि वनस्पतींसाठी ते चक्क खत असते. हे दोन्ही प्रकारचे जिवाणू हवेतून, मातीतून आणि वनस्पतींच्या मुळांवरून आपोआप येतात, पण त्यांची वाढ फार सावकाश होते. पहिल्या प्रकारचे आधी वाढतात, आणि त्यांनी नायट्राइट बनवायला सुरुवात केल्यावरच दुसऱ्या प्रकारच्या जिवाणूंना अन्न मिळते. त्यामुळे साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात नायट्राइटचे प्रमाण सर्वाधिक असते आणि संपूर्ण साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी जे औषध घातले, त्याने नेमकी हीच नुकतीच रुजू लागलेली साखळी मोडली.

खाद्याचा आणि विषाचा संबंध किती थेट आहे, हे एका ढोबळ हिशेबातून दिसते. माशांच्या साधारण प्रतीच्या खाद्यापैकी सुमारे ३ टक्के वजनाइतका अमोनिया तयार होतो, असे मत्स्यपालनात धरतात. म्हणजे रोज १० ग्रॅम खाद्य घातले, तर ०.३ ग्रॅम अमोनिया. आमच्या तळ्यात सुमारे १,३५० लिटर पाणी आहे. त्यात तो मिसळला, की रोज लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमहून थोडी अधिक भर पडते, आणि निचरा करणारे जिवाणू नसतील तर आठवड्यात हा आकडा दीड मिलिग्रॅमपर्यंत जातो. आता यातील सगळाच अमोनिया सारखा घातक नसतो. पाण्याचा पीएच, म्हणजे त्याची आम्लता किंवा अल्कता, यावर ते अवलंबून असते. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तो ५ टक्क्यांवर जातो आणि ९ ला एक तृतीयांशाहून अधिक होतो. पाणी तापले की हे प्रमाण आणखी वाढते. म्हणून एकाच तळ्यात तेवढेच मासे आणि तेवढेच खाद्य असूनही जानेवारीत सारे सुरळीत चालते आणि एप्रिलच्या दुपारी मासे कासावीस होतात.

हे सगळे पाहता, नव्या तळेधारकाने एकच वस्तू विकत घ्यावी असे मी म्हणेन : अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे थेंबांचे संच. ते कित्येक महिने पुरतात आणि अंदाजाने घेतलेल्या औषधांपेक्षा स्वस्त पडतात. पीएचसाठी प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळणाऱ्या कागदी पट्ट्या पुरेशा आहेत.

तळे तयार करताना

पाणी किती मावते हे माहीत नसेल, तर पुढचे कोणतेच प्रमाण काढता येत नाही. लांबी, रुंदी आणि खोली फुटांत मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला २८.३ ने गुणावे. उत्तर लिटरमध्ये येते. आमचे ६ × ४ × २ म्हणजे ४८ घनफूट, म्हणजेच वर म्हटलेले सुमारे १,३५० लिटर.

सिमेंटचा हौद नवा असेल तर त्यातून चुना पाण्यात उतरत राहतो आणि पीएच इतका चढतो, की त्यात मासा जगू शकत नाही. यावर घाईचा उपाय म्हणजे महागडा रंग. सावकाशीचा उपाय म्हणजे हौद भरून आठवडाभर ठेवणे, पाणी सोडून देणे, घासणे आणि पुन्हा भरणे, असे तीन-चार वेळा करणे. आपल्याकडे पहिल्या भरणीच्या वेळी केळीच्या खोडाचे तुकडे किंवा थोडे शेण टाकून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. शेवटी पट्टीवर पीएच साडेआठच्या खाली स्थिर दिसला, की हौद तयार झाला असे समजावे. सिमेंट परवडत नसेल तर शेततळ्यासाठी वापरतात तो ५०० मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा कागद उत्तम. नाशिक भागात द्राक्षबागांमुळे शेततळी पुष्कळ, त्यामुळे कागद विकणाऱ्यांकडे मोठ्या गुंडाळीतून उरलेले तुकडे बऱ्याचदा कमी भावात मिळतात. मात्र खड्ड्यात आधी जुनी पोती किंवा सतरंजी अंथरावी, नाहीतर एखादा अणकुचीदार खडा वर्षभरात कागदाला भोक पाडतो.

जागा निवडताना झाडाखालची सावली मोहात पाडते, पण गळणारी पाने हीच कुजून अमोनिया देतात. विशेषतः कण्हेर आणि पिवळी कण्हेर यांच्या जवळ तळे करूच नये, कारण या झाडांचे सर्वच भाग विषारी असतात. सकाळचे चार-पाच तास ऊन आणि दुपारी भिंतीची सावली, अशी जागा सर्वांत चांगली.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माशांचे कल्ले जाळतो आणि उपयोगी जिवाणूही मारतो. पिंपात किंवा उघड्या टाकीत पाणी एक-दोन दिवस उन्हात ठेवले, मधूनमधून ढवळले, की साधा क्लोरीन उडून जातो. अचानक पाणी घालावे लागलेच तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे स्फटिक वापरतात. मत्स्यालयाच्या दुकानातील क्लोरीन घालवणाऱ्या बहुतेक बाटल्यांत हेच द्रावण असते आणि सुटे स्फटिक त्याहून पुष्कळ स्वस्त मिळतात. कूपनलिकेच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण घाटावरच्या काळ्या खडकातले हे पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षार असलेले, असते. उलट कोकणात जांभ्याच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी मऊ आणि किंचित आम्ल असते. जड पाण्यात पीएच स्थिर राहतो. मऊ पाण्यात तो अचानक कोसळू शकतो. अशा ठिकाणी जाळीच्या पिशवीत धुतलेले शिंपले भरून पाण्याच्या वाटेत ठेवावेत. पाणी आम्ल होऊ लागले, की ते हळूहळू विरघळून त्याला सावरतात. तातडीची गरज पडल्यास १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यात कालवून, थोडा थोडा करून घालता येतो. पानाचा चुना मात्र कधीही घालू नये.

फिल्टर : भाजीचे क्रेट आणि कांद्याची पोती

फिल्टर म्हणजे पाणी गाळण्याचे यंत्र, असा समज असतो. गाळणे हे त्याचे दुय्यम काम आहे. त्याचे मुख्य काम म्हणजे त्या उपयोगी जिवाणूंना राहायला भरपूर पृष्ठभाग आणि प्राणवायू असलेले वाहते पाणी देणे. हे कळले की विकतच्या फिल्टरची गरज उरत नाही. आमच्याकडे २० लिटरची रंगाची रिकामी बादली आहे. तिच्या तळाशी सुपारीएवढे खडे, त्यावर कांद्याच्या लाल जाळीदार पोत्यांच्या गुंडाळ्या, मध्ये भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या घासण्या आणि सर्वांत वर स्पंजाचा एक जाड थर, अशी रचना केली आहे. पंपाने वर चढवलेले पाणी स्पंजातून आत उतरते आणि बुडाशी बसवलेल्या नळीतून बाहेर पडते. नारळाचा काथ्या वापरू नये. तो काही महिन्यांत स्वतःच कुजू लागतो.

बादलीतून निघालेले पाणी सरळ तळ्यात न सोडता टोमॅटोच्या एका जुन्या क्रेटमधून जाते. त्यात आत जाळी लावून खडी भरली आहे आणि तीत कर्दळ आणि वेखंड लावले आहे. या वनस्पतींची मुळे नायट्रेट शोषून घेतात आणि मुळांभोवती जिवाणूंची आणखी एक वस्ती तयार होते. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीतही हेच तत्त्व आहे : खडी, मुळे आणि त्यांतून सावकाश झिरपणारे पाणी. अंगणातल्या क्रेटमध्ये त्याची छोटी आवृत्ती मावते. पहिल्या पावसाळ्यात आमची कर्दळ कमरेएवढी झाली, आणि त्याच सुमारास तळ्याच्या भिंतींवरचे हिरवे शेवाळ पातळ होत गेले. दोघांचे अन्न एकच असल्यामुळे जे कर्दळीने घेतले, ते शेवाळाला उरले नाही.

पंप निवडताना केवळ किंमत पाहू नये, त्याची वॅटसंख्या पाहावी, कारण तो चोवीस तास चालतो. कूलरचा १८ वॅटचा पंप दिवसाला सुमारे ०.४३ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण १३ युनिट वीज घेतो. ६० वॅटचा घेतला तर हाच आकडा ४३ च्या पुढे जातो. दोन तासांत तळ्याचे सारे पाणी एकदा फिल्टरमधून फिरले, तरी कमी माशांच्या तळ्याला ते पुरते. एका बाबतीत मात्र काटकसर करू नये. पाण्यात हात घालणे आणि पाण्यात वीज असणे या दोन गोष्टी एकत्र येतात, म्हणून पंपाच्या जोडणीवर गळती ओळखून वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण बसवलेच पाहिजे, आणि तळ्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद केलेच पाहिजे.

फिल्टर धुण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण चांगले चाललेले तळे या एका चुकीने बिघडते. स्पंज घाण झाला की तो नळाखाली धरून स्वच्छ पांढरा करावासा वाटतो, पण त्या क्लोरीनच्या पाण्याने सहा आठवड्यांची वस्ती पाच मिनिटांत नष्ट होते. तळ्यातलेच बादलीभर पाणी काढावे, त्यात स्पंज दोन-तीन वेळा पिळावा आणि तपकिरी असतानाच परत बसवावा. ते कॉफीसारखे दिसणारे पाणी गुलाबाच्या मुळाशी घालावे. खालचे खडे आणि जाळ्या सहा-सहा महिने हलवूही नयेत. वीज बराच वेळ गेली असेल, तर बादलीच्या तळाशी उरलेले पाणी प्राणवायूविना सडते. वीज आल्यावर ते पहिले पाणी तळ्यात जाऊ न देता बाहेर सोडावे.

किती मासे, कोणते मासे

पहिले सहा आठवडे तळ्यात मासे नसावेत, किंवा पाच-सहा गप्पी असावेत. मासे नसतील तेव्हा रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकत राहावे, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अन्न मिळते. ओळखीच्या कुणाकडे जुने, निरोगी तळे असेल तर त्याच्या फिल्टरमधील मूठभर खडे ओल्या फडक्यात आणून आपल्या फिल्टरमध्ये टाकावेत. विरजण लावावे तसे ते काम करतात आणि आठवडे वाचतात. पैसे देऊन मिळणाऱ्या कोणत्याही जिवाणूंच्या बाटलीपेक्षा माझा या खड्यांवर अधिक विश्वास आहे.

आपल्या हवेसाठी गप्पी सर्वांत स्वस्त आणि सोशीक. ते उष्णता सोसतात, पिल्लेच देतात आणि डासांच्या अळ्या आवडीने खातात. त्यामुळेच अनेक महापालिकांचे आणि जिल्हा परिषदांचे हिवताप विभाग ते विनामूल्य देतात. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून माशांविना तळे ठेवायचे ते सहा आठवडेही त्यावर बारीक जाळी ताणून ठेवावी किंवा ते पाच-सहा गप्पी आधीच सोडावेत. गोल्डफिश हवेच असतील तर एका माशामागे किमान १०० लिटर पाणी धरावे. त्याहून सैल धरले तर अधिक बरे. आमच्या तळ्यात आज सात आहेत. कोई मात्र दोन फुटांपर्यंत वाढतात आणि त्यांना काही हजार लिटर लागतात. छोट्या हौदात कोई ठेवणे हा त्या माशावर अन्यायच आहे, मग दुकानात तो बोटाएवढा का दिसेना.

नवा मासा आणल्यावर त्याला दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवावे. अंगावर पांढरे ठिपके, मिटलेले पर, कोपऱ्यात एकटे राहणे, यांपैकी काहीही असेल तर ते याच काळात दिसते. प्रति लिटर ३ ग्रॅम साधे जाडे मीठ टबाच्या पाण्यात विरघळवले, की अनेक बाह्य परजीवींना आळा बसतो आणि माशाला उभारीही येते. तळ्यात नायट्राइट चढलेले आढळले तर प्रति लिटर १ ग्रॅम मीठ तळ्यातही घालतात, कारण मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. माझ्या त्या पहिल्या २० माशांसाठी हाच उपाय होता, आणि तो स्वयंपाकघरात दीड किलो मिठाच्या रूपाने हाताशी होता. मीठ पाण्यासारखे वाफ होऊन उडून जात नाही. ते फक्त पाणी बदलूनच कमी होते, म्हणून पुन्हा पुन्हा घालू नये.

खाद्य दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे आणि आठवड्यातून एक दिवस मुळीच देऊ नये. पाहुणे आले की मुलांच्या हातात चुरमुरे किंवा पोळीचे तुकडे देण्याची आपल्याकडे हौस असते. माशांना त्याचा उपयोग कमी आणि पाण्याला त्रास अधिक. त्याऐवजी मुलांना सोललेला, उकडलेला मटार द्यावा. गोल्डफिश तो झडप घालून खातात. दूध व्यावसायिक जनावरांसाठी वाढवतात तो अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारी एक बारीक वनस्पती, एका जुन्या टबात वाढवला, तर गोल्डफिशच्या खाद्याचा खर्च निम्म्यावर येऊ शकतो. तळ्यातून काढलेल्या पाण्यावर तो झपाट्याने वाढतो.

हिरवे पाणी

पाणी हिरवे झाले की बहुतेकांचा धीर सुटतो. हा हिरवा रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म शेवाळ. ऊन आणि नायट्रेट या दोहोंची रेलचेल असल्याचे ते चिन्ह आहे. माशांना त्याने थेट अपाय होत नाही. अशा वेळी नाशिककडे एक विशेष धोका संभवतो, तो म्हणजे द्राक्षबागेसाठी घरात ठेवलेले मोरचूद, म्हणजेच तांब्याचा क्षार. चिमूटभर मोरचुदाने शेवाळ मरते हे खरे, पण तांबे माशांनाही विषारी असते, मऊ पाण्यात अधिकच. आणि मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू ओढून घेते तो वेगळाच. तुरटीने गाळ खाली बसतो, पण ती पीएच खाली आणते, म्हणून मासे असलेल्या पाण्यात तीही नको. पृष्ठभागाचा अर्धा ते दोन तृतीयांश भाग कमळाच्या किंवा कुमुदाच्या पानांनी झाकला जाईल असे पाहावे, खाद्य कमी करावे, आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे आणि महिनाभर वाट पाहावी. काढलेले पाणी कुंड्यांना घालावे. त्यातील नायट्रेट वाया जात नाही.

ऋतूंप्रमाणे

पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅम. आणि माशांना निवांत राहायला ५ मिलिग्रॅमच्या वर हवा असतो. वनस्पती आणि शेवाळ दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री तेही तो वापरतात, म्हणून सर्वांत कमी प्राणवायू पहाटे असतो. उन्हाळ्यात रात्री पंप बंद ठेवून वीज वाचवणे, ही चुकीच्या वेळी केलेली काटकसर होय. पहाटे वीज नसेल आणि मासे वर येऊन हवा गिळत असतील, तर बादलीने पाणी काढून फूट-दोन फूट उंचीवरून पुन्हा ओतत राहावे. हे काम कंटाळवाणे असले तरी दहा-पंधरा मिनिटांत मासे खाली जाताना दिसतात. एप्रिल-मे महिन्यांत ५० टक्के सावलीची हिरवी शेडनेट चार बांबूंवर ताणावी.

याच दिवसांत पाणी रोज सेंटिमीटरभर आटू शकते. आमच्या तळ्यात तो हिशेब रोज २२ लिटर, म्हणजे एक मोठी बादली इतका होतो. आटताना पाणी जाते आणि क्षार मागे राहतात. नुसती भर घालत राहिल्यास पाणी महिन्या-महिन्याला अधिक जड होत जाते, म्हणून थोडे काढून मग भरणे महत्त्वाचे.

पावसाळ्यात वेगळी काळजी असते. तळ्याच्या वरच्या काठाशी जाळी लावलेली निचऱ्याची नळी हवी, नाहीतर एका जोरदार सरीत मासे अंगणात येतात. छपराचे पाणी पहिल्या दोन-तीन पावसांत तळ्याकडे वळवू नये. त्याबरोबर धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा येते. सलग ढगाळ हवा असताना शेवाळ एकदम मरते, म्हणून त्या दिवसांत खाद्य निम्मे करावे. गल्लीत डासांसाठी धूरफवारणी होणार असेल, किंवा शेजारी गुलाबावर औषध मारणार असेल, तर तळे ताडपत्रीने झाकावे. या औषधांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके असतात, आणि ती माणसाला सोसणाऱ्या मात्रेच्या कितीतरी कमी प्रमाणातही माशांना मारतात. फवारणी थांबून हवा निवळली की ताडपत्री लगेच काढावी. बेडूक आले तर येऊ द्यावेत. खंड्या आणि ढोकरी मात्र रोज येऊ लागले, तर पाण्यावर नायलॉनचे दोरे आडवेउभे ताणावे लागतात.

गाळ वर्षातून एकदा, थंडी सरताना आणि उन्हाळा लागण्यापूर्वी काढावा. सगळा काढू नये. तळ्यातले अर्धे पाणी टबात काढून मासे त्यात ठेवावेत, तळाचा साधारण दोन तृतीयांश गाळ सुपलीने उपसून कढीपत्त्याच्या आळ्यात घालावा, भिंती घासू नयेत, आणि काढलेले तेच पाणी परत घालून उरलेले क्लोरीन उडालेल्या पाण्याने भरावे. त्याच वेळी वाढलेल्या वनस्पती आणि गप्पी यांची संख्याही आवरावी. जास्तीचे गप्पी शेजाऱ्यांच्या हौदासाठी द्यावेत किंवा हिवताप विभागाकडे विचारणा करावी. गोदावरीत किंवा ओढ्यात सोडू नयेत, कारण ते मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे आहेत आणि आपल्या ओढ्यांतील लहान माशांची जागा बळकावतात. जलपर्णी, जिला आमच्याकडे पाणवेली म्हणतात, तीही तशीच परकी. ती तळ्यात लावूच नये, आणि आलीच तर नदीत न फेकता उन्हात वाळवून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावी.